एकाच डोळ्यात फुलासारखा मोतीबिंदू: जुना मार, तपासण्या, ऑपरेशन आणि पुढची काळजी

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने एक फूल काढलं. सहा-सात पाकळ्या आणि मधे एक ठिपका. "तुमच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू असा दिसतोय," त्या अण्णांना म्हणाल्या. "डाव्यात असं काही नाही. उजव्या डोळ्याला कधी मार लागला होता का?"

अण्णा म्हणाले, "छे, कधीच नाही."

मागच्या खुर्चीवरून आईचा आवाज आला, "अहो, असं काय करता? ती ढलपी विसरलात?"

२२ वर्षांपूर्वी परसात सरपण फोडताना बाभळीची ढलपी उडून अण्णांच्या डोळ्यावर बसली होती. आठवडाभर डोळा लाल होता, खाली काळंनिळं झालं होतं. सूज उतरली, दिसायला लागलं आणि घरात सगळेच ती गोष्ट विसरले. आज अण्णा ७१ वर्षांचे आहेत. या डॉक्टरांकडे येण्याआधी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. दोन्हीकडे "वयाचा मोतीबिंदू आहे, काढून टाकू" असं सांगितलं गेलं, एका ठिकाणी तर ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. मार लागला होता का, हे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

मी डॉक्टर नाही, अण्णांची मुलगी आहे. पण त्या फुलाच्या चित्रानंतरचे पाच महिने मी प्रत्येक तपासणीला त्यांच्यासोबत होते, डोकं खाऊन प्रश्न विचारले आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. ज्यांच्या घरात वयस्कर माणसाला एकाच डोळ्यात वेगळ्या आकाराचा मोतीबिंदू सांगितला आहे, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना काय माहिती न्यायची आणि काय विचारायचं, एवढं यातून मिळावं.

आधी एक गोंधळ दूर करू

आपल्याकडे "डोळ्यात फूल पडलं" असं म्हणतात ते वेगळं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर जखमेनंतर किंवा देवी-गोवरानंतर जो पांढरा डाग राहतो, ते फूल. समोरच्या माणसाला ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मी ज्याबद्दल लिहिते आहे तो फुलाच्या आकाराचा मोतीबिंदू बाहुलीच्या मागे, आतल्या भिंगात असतो. आरशात पाहून तो कळत नाही. बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे उजेडाची फट टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पाहिलं तरच त्याच्या पाकळ्या दिसतात. आम्ही गावी फोन करून सांगितलं तेव्हा काकूंना वाटलं अण्णांच्या डोळ्यात फूल पडलं, आणि "फुलाला ऑपरेशन कसलं, डोळाच बदलावा लागतो" अशी बातमी भावकीत फिरली. नातेवाइकांना सांगताना "भिंगात, आत" हे शब्द जरूर वापरा. कोपऱ्यातून बुबुळावर मांस वाढतं तेही निराळं, त्याचा मोतीबिंदूशी संबंध नाही.

पायरी १: घरी एकेक डोळा तपासा

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकतो. अण्णांचा उजवा डोळा किती अधू झाला होता ते त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. एका रविवारी डाव्या डोळ्याला साबण लागला म्हणून तो मिटला, तेव्हा समोरची बादली धूसर दिसली आणि ते घाबरले.

भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर साधारण दहा फुटांवर खुर्ची ठेवा. रोजचा लांबचा चष्मा घालू द्या. तळहाताने एक डोळा झाका, पण दाबू नका, दाबलेल्या डोळ्याने नंतर थोडा वेळ अंधूकच दिसतं. तारखांचे मोठे आकडे वाचायला सांगा, मग दुसरा डोळा. काय वाचता आलं ते तारखेसह लिहून ठेवा.

रात्री आणखी एक बघा. चांगला डोळा झाकून चंद्राकडे किंवा रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहायला सांगा. भिंगात पाकळ्या-पाकळ्यांचा गढूळपणा असेल तर एका डोळ्यानेही एकाचे दोन-तीन चंद्र दिसू शकतात, दिव्याभोवती किरणं फुटतात. अण्णा म्हणाले होते, "चतुर्थीला तीन चंद्र दिसले, मला वाटलं उपासाने डोकं फिरलं." दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन दिसतात आणि कुठलाही एक मिटला की एकच दिसतं, असं असेल तर ती गोष्ट वेगळी. ते डोळ्यांच्या हालचालीचं किंवा नसांचं काम असू शकतं. डॉक्टरांना हा फरक नेमका सांगा.

डोळा अचानक खूप दुखतो, लाल होतो, डोकं दुखून उलटी होते, किंवा चमका मारतात, काळे ठिपके एकदम वाढतात, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटतं, यातलं काही असेल तर कालनिर्णय वगैरे सोडा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मार लागलेल्या डोळ्यात भिंग फुगून किंवा जागचं हलून डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो, डोळ्याच्या मागचा पडदाही (रेटिना) सुटू शकतो.

पायरी २: आठवणी खणून काढा

माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही सगळ्यात मोलाची पायरी. आणि इथे पैसा लागत नाही.

"डोळ्याला मार लागला होता का?" असा प्रश्न विचारलात तर उत्तर "नाही" येईल. आपल्याकडे रक्त आलं, टाके पडले, तरच तो मार. मुक्कामार कोणी मोजत नाही. म्हणून एकेक प्रसंग विचारा. लहानपणी विटी लागली होती का? क्रिकेटचा किंवा टेनिसचा चेंडू? बैलाचं शिंग, गाईच्या शेपटीचा फटका? सरपण फोडताना ढलपी? सायकलच्या कॅरिअरला सामान बांधताना रबर सुटून तोंडावर आलं होतं का? दिवाळीचा फटाका, रंगपंचमीचा पाण्याचा फुगा? भांडणात कोणाचा गुद्दा? शेवटच्या प्रश्नाला आधी शांतता असते, मग उत्तर येतं.

मग कामधंद्याचं विचारा. घण आणि छिन्नी वापरली का, पाट्या-वरवंट्याला टाकी घातली का, लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलं का, वेल्डिंग किंवा भट्टीपुढे वर्षं काढली का. लोखंडाचा बारीक कण वेगाने डोळ्यात शिरतो तेव्हा कधीकधी फक्त टोचल्यासारखं होतं, आणि तो आत वर्षानुवर्षं राहतो. विजेचा जबर धक्का बसला होता का, तेही विचारा. विजेच्या धक्क्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी चांदणीसारखा मोतीबिंदू होऊ शकतो.

औषधांचं तिसरं. "डोळा लाल झाला की मेडिकलमधून तोच ड्रॉप आणायचो" या वाक्यामागे बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने घातल्याने मोतीबिंदू होऊ शकतो आणि काचबिंदूही. दम्यासाठी, संधिवातासाठी घेतलेल्या गोळ्यांचंही लिहा. त्या डोळ्याला पूर्वी आतून सूज आली होती का, आधी कुठलं ऑपरेशन झालं होतं का, तेही. पुरुषांनी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतलं असेल, अगदी पूर्वी घेऊन बंद केलं असेल तरी, ते सर्जनला माहीत असायलाच हवं. त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग लुळा पडू शकतो आणि बाहुली आक्रसते.

हे विचारताना घरातलं जुनं माणूस शेजारी बसवा. आई नसती तर ढलपी कधीच बाहेर आली नसती. सगळं एका कागदावर लिहून त्याची प्रत केसपेपरला लावा.

पायरी ३: आकार काय सांगतो ते समजून घ्या

वयामुळे होणारा मोतीबिंदू साधारणपणे दोन्ही डोळ्यांत असतो, एकात थोडा पुढे, एकात थोडा मागे. एकाच डोळ्यात, तेही ठरावीक नक्षीत दिसला की डॉक्टर कारण शोधतात.

फुलासारखा आकार बहुतेक वेळा मुक्कामाराचा असतो. डोळ्यातलं भिंग सुमारे ९ ते १० मिलिमीटर रुंद असतं, एका पातळ पारदर्शक पिशवीत बसलेलं आणि शेकडो बारीक तंतूंनी चहूबाजूंनी टांगलेलं. भिंग लांबलचक धाग्यांसारख्या पेशींनी बनतं आणि त्या पेशींची टोकं जिथे एकमेकांना भिडतात तिथे शिवण असते. या शिवणी मध्यापासून बाहेर, फाट्यांसारख्या पसरतात. डोळ्यावर ठोसा बसला की डोळा समोरून दाबला जातो, आडवा ताणला जातो आणि धक्का मागपर्यंत पोचतो. शिवणींच्या कडेने पाणी झिरपतं, धागे गढूळ होतात. शिवणीच फाट्यांच्या असल्यामुळे गढूळपणाला पाकळ्यांचा आकार येतो. बहुधा तो भिंगाच्या मागच्या थरात असतो.

मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट यापुढची. भिंग आयुष्यभर वाढत असतं. नवे धागे बाहेरून चढत जातात, जुने आत दाबले जातात, आणि एकही पेशी गळून पडत नाही. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखंच. म्हणून मार ताजा असेल तर फूल वरच्या थरात सापडतं, जुना असेल तर खोल, नव्या थरांखाली गाडलेलं. अण्णांचं फूल खोल होतं. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पच्या पडद्यावर मला दाखवलं. राखाडी पांढऱ्या पाकळ्या, कडा पिसासारख्या, आणि त्यांच्यावर स्वच्छ थर. "हे अलीकडचं नाही," त्या म्हणाल्या. ढलपीचा हिशेब तिथे जुळला.

मार लागल्याची आणखी एक खूण कधीकधी सापडते. भिंगाच्या पुढच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांचं छोटं कडं असतं. धक्क्याच्या क्षणी बाहुलीची कड भिंगावर आपटून तिचा रंग तिथे उमटतो, रबरी शिक्का उमटावा तसा.

सूर्यफुलासारखा आकार असेल तर डॉक्टर तांब्याचा विचार करतात. एकाच डोळ्यात असेल तर तांब्याचा किंवा पितळेचा कण आत अडकलेला असू शकतो. दोन्ही डोळ्यांत असेल तर शरीरात तांबं साठणारा विल्सनचा आजार तपासतात, तो बहुधा तरुणपणीच उघडकीला येतो. लोखंडाच्या कणाने भिंगावर गंजाचे तपकिरी डाग पडतात आणि पडदा हळूहळू निकामी होतो.

ख्रिसमसच्या झाडासारखा म्हणतात तो मोतीबिंदू बघायला सगळ्यांत सुंदर असतो. भिंगात लाल, हिरव्या, निळ्या चमकणाऱ्या सुया दिसतात. वयस्कर माणसांत तो बऱ्याचदा निरुपद्रवी निघतो. पण स्नायूंचा एक आनुवंशिक आजार आहे, ज्यात मूठ आवळली की पटकन सुटत नाही आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात, त्यातही असे रंगीत कण दिसतात. घरात कोणाला असा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, ऑपरेशनआधी ईसीजी आणि भूल देणाऱ्यांचा सल्ला महत्त्वाचा ठरतो.

भिंगाच्या मागच्या टोकावर मधोमध गोल, कांद्याच्या चकतीसारखा दिसणारा मोतीबिंदू बहुधा जन्मजात असतो. तिथे मागची पिशवी कमकुवत असते आणि ऑपरेशनमध्ये ती फाटण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. हा शब्द ऐकलात तर अशा केसेस हाताळणारे सर्जनच गाठा.

पायरी ४: तपासण्या, आणि त्यांचा क्रम

ओपीडीत गेल्या गेल्या बाहुली मोठी करायचा ड्रॉप घालतात. अशा डोळ्यात त्याआधी काही गोष्टी बघून व्हायला हव्यात, म्हणून रिसेप्शनवरच सांगा की "डोळ्याला जुना मार आहे". ड्रॉपच्या आधी दोन्ही बाहुल्यांचा आकार आणि टॉर्चच्या उजेडाला त्या कशा आक्रसतात हे पाहतात. पडदा किंवा मागची नस अधू असेल तर बाहुलीच चुगली करते. एकदा ड्रॉपने बाहुली मोठी झाली की ही खूण मिळत नाही. डोळा हलवल्यावर बुबुळ किंवा भिंग थरथरतं का, हेही तेव्हाच पाहतात. थरथरत असेल तर टांगणारे तंतू तुटलेले असू शकतात.

मग डोळ्याचा दाब. साधारण १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) हा सर्वसाधारण आकडा. आरशाच्या छोट्या भिंगाने डोळ्याचा कोपरा, म्हणजे जिथून आतलं पाणी बाहेर जातं ती जागा, तपासतात. माराने हा कोपरा फाटू शकतो आणि मग काही महिन्यांनी, कधी पंधरा-वीस वर्षांनीसुद्धा काचबिंदू होऊ शकतो. अण्णांचा कोपरा जवळपास अर्ध्या घेरात फाटलेला निघाला. दाब तेव्हा ठीक होता, पण ही तपासणी झाली नसती तर पुढे कोणी लक्ष ठेवलं नसतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूची येते.

त्यानंतर बाहुली मोठी करून भिंग आणि पडदा. मोतीबिंदूमुळे पडदा दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी होते. पापणीवर जेल लावून पाच मिनिटांत आटोपते, दुखत नाही. पडद्याच्या मधल्या भागासाठी ओसीटी, म्हणजे उजेडाने काढलेला पडद्याच्या थरांचा फोटो. कण अडकल्याची शंका असेल तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. लोखंडाचा कण असण्याची जरासुद्धा शक्यता असेल तर एमआरआय करायचा नाही, चुंबकाने तो कण डोळ्यात सरकतो. गुडघ्यासाठी, कमरेसाठी एमआरआय सांगितला असेल तेव्हाही हे सांगायचं लक्षात ठेवा. पुढच्या पारदर्शक भागाच्या पेशी मोजतात, कारण त्या पुन्हा तयार होत नाहीत आणि माराने आधीच कमी झालेल्या असू शकतात.

तपासणीच्या दिवशी काळा चष्मा न्या. बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. अण्णांना स्कूटरवर परत जायचं होतं, मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि रिक्षा केली.

पायरी ५: काढायचा की थांबायचं

फूल दिसलं म्हणून लगेच ऑपरेशन असं नाही. पाकळ्या बाजूला असतील, नजर चांगली असेल, दाब ठीक असेल तर सहा-सहा महिन्यांनी दाखवत राहणं पुरतं. कित्येकांचं फूल वर्षानुवर्षं आहे तेवढंच राहतं. रोजच्या कामात अडचण यायला लागली, गाडीचे दिवे डोळ्यात घुसायला लागले, पायरी चुकायला लागली किंवा पडद्याच्या तपासणीत भिंग आड येतंय असं डॉक्टर म्हणाले, तर काढायचा. भिंग फुगतंय, गळतंय किंवा हलतंय असं सांगितलं तर दिवस घालवू नका.

"पिकू दे, मग काढू" हा जुन्या पिढीचा हिशेब आता सोडून द्यावा. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि आधीच सैल असलेल्या तंतूंवर ऑपरेशनमध्ये जास्त ताण येतो. कुठल्याही ड्रॉपने, मधाने, गुलाबपाण्याने मोतीबिंदू विरघळत नाही. जो काही खर्च करायचा तो तपासणीवर करा.

आणखी एक प्रश्न स्पष्ट विचारा: "मोतीबिंदू काढल्यावर किती दिसेल?" मार लागलेल्या डोळ्यात पडदा किंवा नसही दुखावलेली असू शकते. तसं असेल तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर अर्धीच सुधारते. हे आधी कळलं तर घरात नंतर कोणी कोणाला दोष देत नाही.

पायरी ६: कुठे करायचं

नेत्रशिबिरांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत लाखो लोकांना नजर परत दिली आहे, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही मार लागलेला डोळा शिबिराच्या घाईत उरकायचा नसतो. जिथे गरज पडली तर डोळ्यातली, भिंगामागची जेली काढण्याचं यंत्र आहे, जादा साहित्य हाताशी आहे आणि पडद्याचे तज्ज्ञ बोलावता येतात, अशा ठिकाणी तो करावा. मोठी धर्मादाय नेत्र रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांची सरकारी रुग्णालयं इथे ही सोय बहुधा असते. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, आणि केस अवघड असेल तर तिथूनच मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी मिळते. शासकीय आरोग्य योजनांत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. खासगी विम्यात मोतीबिंदूसाठी अनेकदा पहिली दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणून पॉलिसीचा कागद आधी वाचा.

डॉक्टरांना हे विचारा: भिंग धरणारे तंतू शाबूत आहेत का? किती भागात सैल आहेत? पिशवी वाचली नाही तर लेन्स कशी बसवणार? गरज पडली तर जेलीचं ऑपरेशन त्याच वेळी होईल का, की दुसऱ्यांदा यावं लागेल? या प्रश्नांना शांतपणे उत्तर देणाऱ्या डॉक्टरांकडे आम्ही थांबलो.

पायरी ७: लेन्स निवडताना

आत बसवायच्या लेन्सची गोष्टही दुखावलेल्या डोळ्यांतूनच सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे शिरले. ते तुकडे डोळ्यात काही न करता पडून राहतात, हे लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं आणि १९४९ साली त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स पहिल्यांदा बसवली. तांबं, लोखंड डोळा बिघडवतं आणि हे प्लॅस्टिक गुण्यागोविंदाने राहतं.

काउन्सेलिंगच्या टेबलावर महागड्या, जवळ-लांब दोन्ही दिसणाऱ्या लेन्सचं पत्रक पुढे येईल. जुना मार असलेल्या डोळ्यात मी तरी साधी, एकाच अंतराची चांगली लेन्स घ्यावी म्हणेन, आणि आमच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. बहुअंतरी लेन्स अगदी मधोमध, स्थिर बसावी लागते. तंतू सैल असतील तर ती सरकते. पडदा पूर्ण निरोगी नसेल तर तिच्यातून दिसणं आणखी फिकट होतं.

नंबर ठरवताना दुसऱ्या डोळ्याचा विचार झालाच पाहिजे. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसऱ्याला शून्य असं झालं तर चष्म्यातून दोन वेगळ्या आकाराची चित्रं दिसतात आणि मेंदूला ती जुळवता येत नाहीत. दोन्ही डोळ्यांची मापं काढली का, हे विचारा.

पायरी ८: ऑपरेशनचा दिवस

रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायची. साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं डॉक्टर सांगतील तसंच, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आदल्या दिवशी केस धुऊन घ्या. कपाळाचं गंध, कुंकू, काजळ नको.

सोप्या केसमध्ये नुसत्या ड्रॉपने भूल देतात. अवघड डोळ्यात डोळ्याशेजारी इंजेक्शन देतात, म्हणजे वेळ लागला तरी डोळा हलत नाही. साध्या फेकोत, म्हणजे यंत्राने भिंग आतच फोडून ओढून घेण्याच्या ऑपरेशनमध्ये, दोन-अडीच मिलिमीटरचा छेद पुरतो, पण अडचण आली तर तो वाढवून टाके घालावे लागतात. तंतू सैल असतील तर पिशवीत एक बारीक प्लॅस्टिकची कडी सरकवतात, ती पिशवीला आतून गोल ताणून धरते. पिशवी उपयोगाची राहिली नाही तर लेन्स बुबुळाला किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाला अडकवतात. शेजारच्या पलंगावरचे काका वीस मिनिटांत बाहेर आले आणि आपलं माणूस तासभर आत आहे म्हणून जीव टांगणीला लागतो. आमचंही तसंच झालं. अण्णांना कडी घालावी लागली. आई पूर्ण वेळ रामरक्षा पुटपुटत होती.

पायरी ९: घरी आल्यावर

ड्रॉपचा तक्ता फ्रिजवर चिकटवा आणि घातला की खूण करा. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. हात साबणाने धुवायचे, खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. स्टिरॉइडचा ड्रॉप हळूहळू कमी करत चार-सहा आठवडे चालतो, आणि मार लागलेल्या डोळ्यात सूज जास्त काळ राहू शकते. बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायचा नाही आणि संपल्यावर मनाने नवा आणायचाही नाही.

डोक्यावरून अंघोळ, चुलीचा धूर, शेतातली धूळ, डोळा चोळणं, वाकून जड उचलणं डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. रात्री प्लॅस्टिकची वाटी चिकटवून झोपायचं.

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, लाली वाढली, नजर कालच्यापेक्षा कमी झाली, पू दिसला, तर फोनवर विचारत बसू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा हिशेब असतो. काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर बहुधा मागच्या पिशवीवर जाळी आलेली असते, ती लेझरने साफ होते. चमका किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं तर मात्र पडद्याची तपासणी त्याच दिवशी.

नव्या चष्म्याचा नंबर साधारण महिना-सव्वा महिन्याने काढतात. अण्णांना पहिले काही दिवस चहा कपाबाहेर ओतला जायचा. बऱ्याच वर्षांनी दोन्ही डोळे बरोबर काम करायला लागले होते, अंतराचा अंदाज नव्याने बसायला वेळ लागला.

पुढची वर्षं

डोळ्याचा कोपरा फाटलेला असेल तर दाबाची तपासणी आयुष्यभर, वर्षातून निदान एकदा. ऑपरेशन झालं, छान दिसतंय, हीच ती सोडून द्यायची वेळ वाटते. आम्ही दरवर्षी नवं कालनिर्णय आलं की आधी ती तारीख गोल करतो. बाहुली मोठी करून पडद्याच्या कडाही त्याच भेटीत पाहून घेतो.

फाइलमध्ये हे असू द्या: लेन्सचं स्टिकर लावलेलं कार्ड, कडी घातल्याची नोंद, कोपरा किती फाटला आहे ते, प्रत्येक वेळचा दाब आणि माराचं वर्ष. दहा वर्षांनी डॉक्टर वेगळे असतील, गाव वेगळं असेल, ही माहिती त्यांना डोळ्यात पाहून सगळीच कळणार नाही.

आणि परसातल्या कुऱ्हाडीशेजारी खिळ्याला आता पॉलिकार्बोनेटचा गॉगल टांगलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. अण्णा सरपण अजून स्वतःच फोडतात, फक्त गॉगल न घालता कुऱ्हाड उचलली तर आई ओट्यावरून हाक मारते.